लोखंड उघडं पडल्यावर

सकाळी ६.२०, ठाणे

या वेळी सगळं ठाणं मुंबईकडे तोंड करून उभं असतं. मी उलट दिशेचा, डोंबिवलीकडे जाणारा. चढतोही मालडब्यात, कारण पायाशी गोणपाटात बांधलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आहे. वागळे इस्टेटमधल्या फॅब्रिकेटरने काल रात्री त्याचं शेवटचं वेल्डिंग उरकलं आणि तो सिरॅमिक कोटिंगसाठी माझ्या हवाली केला. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसच्या चार नळ्या वळणं घेत एका फ्लँजवर येऊन मिळतात आणि त्या फ्लँजवर टर्बो बसतो. गाडी आहे फियाट लिनिया टी-जेट. रांजणगावच्या कारखान्यातली ही गाडी. फियाटने आपल्या नावाच्या गाड्या इथे विकणं थांबवलं, तरी काही मालकांनी ती जिवापाड सांभाळली आहे. कळव्याला चढलेल्या एका भाजीवाल्याने गोणीतून डोकावणाऱ्या नळ्या पाहून विचारलं, "कुठल्या बँडमध्ये वाजवता?" मुंब्र्यापर्यंत मी त्याला टर्बो समजावत होतो. त्याला पटला नसावा.

सकाळी ७.३०, एमआयडीसी

स्टेशनबाहेरून शेअर रिक्षा, घरडा सर्कलला उतरायचं, पुढे चालत. जुलै आहे, रात्रभर कोसळून आत्ता पाऊस थांबलाय. ज्यांचा धंदा पावसावर नाही त्यांना अशी उघडीप बरी वाटते. मला तीच जास्त जड जाते, कारण जमिनीतली सगळी वाफ वर उठते.

शटर उघडून पहिलं काम कॉम्प्रेसरच्या टाकीचा खालचा कॉक सोडायचा. तपकिरी पाणी पिचकारीसारखं बाहेर येतं. हे सगळं हवेतलं पाणी. हवा दाबली की ते सुटं होतं, आणि वेळेवर काढलं नाही तर पाइपातून थेट स्प्रे गनमध्ये जातं. मग कोटिंगवर डोळे पडतात, म्हणजे बारीक गोल खड्डे, ज्यांच्या तळाशी उघडा धातू दिसतो. पाण्याबरोबर कॉम्प्रेसरचं तेल आलं तर विचारूच नका. म्हणून टाकीनंतर ड्रायर, ड्रायरनंतर फिल्टर आणि गनच्या अलीकडे आणखी एक फिल्टर.

दुसरं काम फळ्यावर तीन आकडे लिहायचे: हवेचं तापमान, आर्द्रता आणि दवबिंदू. आज बाहेर २८ अंश आणि ८८ टक्के, म्हणजे दवबिंदू जवळपास २६. रंगकामातला जुना नियम असा की ज्यावर फवारायचं तो पृष्ठभाग दवबिंदूच्या किमान ३ अंश वर हवा. बाहेर ठेवलेलं लोखंड आज या नियमात बसतच नाही. आतल्या खोलीत डीह्युमिडिफायर लावून ३० अंश आणि ५५ टक्के साधलं की दवबिंदू २० वर उतरतो. तिथपर्यंत यायला तासभर लागतो. तोवर बाकीचं.

आज गुरुवार. उद्या एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी, आणि वीज-पाण्याच्या दुरुस्तीची कामं शुक्रवारीच निघतात. तेव्हा आज जे भट्टीबाहेर पडेल तेच या आठवड्याचं.

सकाळी ८.१५

टेबलावर आज गाड्यांचे दोनच जॉब. एक लिनियाचा. दुसरा स्कोडा लॉराच्या १.८ टीएसआय इंजिनाचा. त्यात मॅनिफोल्ड आणि टर्बाइनचं घर एकाच ओतीव तुकड्यात आहे. दिसायला ओबडधोबड, हातात घेतला की मनगट खाली जातं.

तिसराही जॉब आला असता. ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या एका तरुणाला त्याच्या पोलो १.० टीएसआयचा हेडर कोट करून हवा होता. त्याला फोनवर सांगावं लागलं की दादा, तुमच्या गाडीला हेडरच नाही. त्या इंजिनात एक्झॉस्टच्या वाटा सिलिंडर हेडच्याच पोटात ओतलेल्या आहेत, भोवती कूलंट खेळतं आणि हेडला थेट टर्बो लागतो. तो नाराज झाला. मग म्हणाला, निदान कॅट काढून सरळ पाइप टाका आणि तो कोट करा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढण्याच्या कामाला आमच्याकडे पहिल्यापासून नकार आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू आहे. त्यातच मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये निकाल देऊन कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करण्याला चाप लावला. मूळ पाइपला बाहेरून लेप देणं वेगळं आणि पाइपच बदलणं वेगळं. खरं तर लिनियाच्या मालकालाही मी हेच ऐकवलं. त्यांची गाडी रस्त्यावर नाही, ट्रॅकवर पळते; म्हणून तो जॉब घेतला.

सकाळी ९.००

दोन्ही जॉब भट्टीत, ३०० अंशांच्या वर. कोटिंग अजून दूर आहे, हे नुसतं भाजणं. ओतीव लोखंडाला सूक्ष्म छिद्रं असतात आणि वर्षानुवर्षं त्यांत तेल मुरलेलं असतं. ते आत्ताच बाहेर काढलं नाही तर कोटिंग भाजताना काढावं लागतं, आणि मग ते कोटिंगला फोड आणूनच बाहेर पडतं. लॉराचा तुकडा अर्ध्या तासात घामेजला. बोल्टांच्या भोकांशी काळे ओघळ आणि जळक्या इंजिन ऑइलचा वास. धूर थांबेपर्यंत बाहेर काढायचा नाही. घड्याळ बघून काढणाऱ्यांचे जॉब परत येतात.

लिनियाचा स्टेनलेस नवा आहे, त्याच्यात मुरलेलं काही नाही. पण नळ्या वाकवताना लावलेलं तेल आणि वेल्डशेजारची निळी-सोनेरी झाक आहे. ती झाक मालकाला आवडते. मला ती घालवायची असते.

यादरम्यान फोन. दहांतले बरेच "सिरॅमिक कोटिंगचा रेट काय?" असे, आणि त्यांना गाडीच्या रंगावरचं चकचकीत कोटिंग हवं असतं. त्यांना दोन नंबर देतो आणि सुटतो.

सकाळी ११.००

आता ब्लास्टिंग. इथपर्यंतचा दिवस आमच्या तब्येतीने चालतो. यापुढे तो लोखंडाच्या तब्येतीने चालतो.

कॅबिनेटमध्ये तपकिरी अॅल्युमिनियम ऑक्साइडचे दाणे सहा बारच्या आसपास दाबाने मारतो. वाळू वापरत नाही. वाळूच्या धुळीतलं सिलिका फुप्फुसात बसलं की ते कायमचं, सिलिकोसिसवर औषध नाही. तरीही आडवाटेच्या शेडमध्ये वाळू मारणारे आहेतच, स्वस्त पडतं म्हणून. दाणे धातूवर आदळून बारीक खाचा पाडतात आणि त्या खाचांत कोटिंग पाय रोवतं. ब्लास्टिंग संपलं की ओतीव लोखंड फिकट राखाडी, कोरडं, मखमली दिसतं. आणि त्याच क्षणापासून ते गंजायला लागतं.

हे डिसेंबरात कळत नाही. जुलैत दिसतं. तासाभरात कडांना किंचित पिवळसर छटा, दोन तासांत ती पसरलेली. त्यात या गावची हवा. एमआयडीसीतल्या आम्ल-वाफांबद्दल मी काही नवं सांगायची गरज नाही. इथे २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडल्याची बातमी झाली होती, आणि २०२० च्या फेब्रुवारीत गुलाबी झालेला रस्ता बघायला मुख्यमंत्री येऊन गेले. या हवेत उघड्या लोखंडाला सवलत नसते. म्हणून आमचा नियम असा: लॉराचा ओतीव तुकडा ब्लास्टिंगला शेवटी आणि फवारणीला आधी. स्टेनलेसला तेवढी घाई नसते.

लॉराच्या टर्बाइन-घराची सगळी तोंडं ब्लास्टिंगपूर्वी बुचांनी बंद केली. आत गोगलगायीसारखी वळत जाणारी वाट असते. तिच्यात अडकलेला एक दाणा सुटला तर मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत जाऊ शकणाऱ्या चाकावर आदळतो. याच कारणाने आम्ही टर्बोच्या अलीकडे नळीच्या आतून कोटिंग करत नाही. आतून केल्याने फायदा जास्त, हे पुस्तकात बरोबर आहे. पण आतला पापुद्रा सुटला तर तो जाणार कुठे?

दुपारी १२.१५

ब्लास्टिंग झालेल्या जॉबला उघडा हात लावायचा नाही. लावला तर भट्टीनंतर अंगठ्याचा ठसा उमटतो, आणि तो कोणाचा हे सगळ्यांना ओळखू येतं. नायट्रिलचे हातमोजे घालून मावशी मास्किंगला बसल्या. त्या पूर्वी कपड्यांच्या युनिटमध्ये काजं-बटणं करायच्या. फ्लँजच्या बसण्याच्या कडा, स्टडचे आटे, ऑक्सिजन सेन्सरची जागा, सगळ्यावर पिवळी कॅप्टॉन टेप, भोकांना सिलिकॉनची बुचं. गॅस्केट बसते त्या पृष्ठभागावर कोटिंग गेलं तर तिथून गॅस फुंकतो. मावशींनी चिकटवलेली टेप कापायला ब्लेड लागत नाही, त्या कड बोटाने मारतात. आम्ही बाकीचे ब्लेड मारतो आणि धातूवर ओरखडा काढतो.

जेवण आळीपाळीने. आज कोणी गप्पा मारत बसलं नाही.

दुपारी १.३०

वीज दोनदा डोळे मिचकावून गेली. डीह्युमिडिफायर बंद पडला, आतली आर्द्रता ५५ वरून ६३ वर. बाहेर पुन्हा पावसाची सर. काकांनी लॉराचा तुकडा उचलून सरळ ५० अंशांच्या भट्टीत ठेवला. गरम लोखंडावर दव धरत नाही. साधी गोष्ट आहे, पण ती सुचायला चाळीस वर्षं गन धरलेला माणूस लागतो.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे मित्र. तरुणपणी ते कल्याण-शीळ रस्त्यावरच्या प्रीमियरच्या कारखान्यात पेंट शॉपला होते. तिथे नव्वदच्या दशकात पुजो ३०९ बनायची. भारतात बनलेली पुजो म्हणून तिचं कौतुक झालं, पण तो संसार फार टिकला नाही. आता तो कारखानाही राहिला नाही. काका मात्र अजून त्याच शिस्तीत आहेत. टाइमकार्ड नाही, तरी साडेआठला हजर.

दुपारी २.१०

फवारणी. अख्ख्या दिवसातलं हे सगळ्यात छोटं काम.

कोटिंग पाण्यासारखं पातळ असतं आणि त्यातले सिरॅमिकचे कण सारखे तळाला बसतात, म्हणून डबा शेवटपर्यंत हलवत राहावा लागतो. गाळणीतून गनमध्ये, ०.८ मिलिमीटरचं नोझल. काका आधी नळ्यांमधल्या बेचक्या घेतात, जिथे प्रकाशही पोचत नाही, मग बाहेरची वळणं. नवशिका उलट करतो. त्याला समोर दिसतं ते आधी रंगवायचं असतं, आणि बेचक्यांपर्यंत येईतो बाहेरचा थर दुप्पट झालेला असतो. जाड थर चांगला, असं पेंटरला वाटतं. इथे जाड थर तडकतो. आम्हाला हवेत सुमारे २५ मायक्रॉन. ३०४ स्टेनलेसवर आमचं चुंबकीय मापयंत्र चालत नाही, म्हणून नळीशेजारी एक लोखंडी पट्टी टांगतो. नळीवर जेवढे हात तेवढेच पट्टीवर, आणि मोजायचं पट्टीवर.

"अरे, लाइट पलीकडून धर," काका म्हणाले. धरला. चौथ्या नळीच्या खाली एक कोरडी जागा निघाली. ती भरली.

दुपारी ३.००

अर्धा तास वाळू दिलं, मग भट्टीत. हळूहळू २६० अंशांपर्यंत, तिथे तासभर, आणि दार न उघडता थंड. या वेळात मला बसून बोलता येतं, तर एक गोष्ट सरळ सांगतो. ती सांगून माझा धंदा वाढत नाही.

टर्बोचं गणित असं की इंजिनातून निघणारा गॅस जितका गरम तितकी त्यात टर्बाइन फिरवायची ताकद जास्त. पेट्रोल टर्बोत तो ९०० अंशांच्या घरात जातो. वाटेत नळीने जी उष्णता बॉनेटखाली सांडली ती टर्बाइनला मिळाली नाही, वर रबरी होज, वायरी आणि आत जाणारी हवा तापली ती वेगळीच. म्हणून नळीवर उष्णता अडवणारा थर द्यायचा. ही कल्पना विमानांकडून आली. साठच्या दशकात अमेरिकेच्या एक्स-१५ रॉकेट विमानाच्या नोझलवर झिर्कोनियाचा थर होता. सत्तरच्या दशकात नासाच्या क्लीव्हलंड प्रयोगशाळेत यिट्रिया मिसळलेल्या झिर्कोनियाचं तंत्र जेट टर्बाइनच्या पात्यांसाठी घडवलं गेलं. झिर्कोनियाच का? तो उष्णता कमी वाहतो, आणि तापल्यावर इतर सिरॅमिकपेक्षा बराच जास्त फुगतो, ओतीव लोखंडाच्या जवळपास. स्टेनलेस त्याहूनही फुगतं. अर्ध्या मीटरची नळी ८०० अंशांनी तापली तर सात मिलिमीटर लांब होते. वरचा थर तिच्याबरोबर ताणला गेला नाही तर सोलून निघणारच. ब्रिटनमध्ये हार्वेलच्या अणुसंशोधनातून पुढे आलेली झिर्कोटेक कंपनी रेसिंगच्या एक्झॉस्टवर प्लाझ्माने असा थर चढवते. प्लाझ्माची ज्योत दहा हजार अंशांच्या वर, थर माझ्या थराच्या दहापट जाड.

आता माझे २५ मायक्रॉन. तो थर कितीही चांगला असला तरी त्याच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूत तापमानाचा फरक पडून पडून किती पडणार? हिशेब केला तर एक-दोन अंश. गिऱ्हाइकाला वाटतं नळी थंड राहील. ती राहत नाही. शिवाय ९०० अंशांना टिकणारं कोटिंग काळं-मॅट असतं, आणि काळा पृष्ठभाग उष्णता बाहेर फेकण्यात पटाईत. चमकदार चंदेरी कोटिंग कमी फेकतं, पण ते ७०० अंशांच्या आसपास थकतं. साध्या इंजिनाला चालेल, पेट्रोल टर्बोच्या तोंडाशी नाही. दोन्ही गुण एकात मिळत नाहीत.

मग मी विकतो काय? गंजापासून संरक्षण. ३०४ स्टेनलेस वारंवार तापत-निवत ८७० अंशांच्या वर गेलं की पापुद्रे धरतं. ओतीव लोखंडाला तर इथला पाऊसच पुरतो. कल्याण-शीळ रस्त्यावर तापलेला मॅनिफोल्ड घेऊन गुडघाभर पाण्यात शिरणाऱ्या गाड्या दर वर्षी बघतो. लोक येतात उष्णतेची तक्रार घेऊन आणि माझा सगळा दिवस पाण्याशी भांडण्यात जातो. ज्यांना खरंच उष्णता अडवायची आहे त्यांना मी सांगतो की कंपनीने मॅनिफोल्डवर दिलेला पत्रा फेकू नका. तो हीट शील्ड खडखडतो म्हणून मेकॅनिक काढून टाकतात, पण बॉनेटखालची उष्णता माझ्या कोटिंगपेक्षा तोच जास्त अडवतो. आणि ती फायबरची पट्टी हेडरला गुंडाळू नका. कोरड्या मुलखात ठीक असेल. कोकणपट्टीत ती पाणी धरून ठेवते आणि आतून लोखंड खाते.

दुपारी ४.१५

कल्याणच्या खडकपाड्याहून एक गिऱ्हाईक आलं, हातात इन्फ्रारेड तापमापकाचं पिस्तूल. कुठल्याशा दुकानात त्याला चंदेरी कोटिंगचा पाइप आणि उघडा गंजका पाइप शेजारी-शेजारी तापवून दाखवला होता. पिस्तुलात चंदेरी पाइप निम्म्याने थंड. "तुमचं काळं का घेऊ मी?"

त्याला एक खेळ दाखवला. चंदेरी कोटिंगची जुनी नळी हीट गनने तापवली, तिच्या अर्ध्या भागावर काळा हाय-टेंपरेचर रंग मारलेला होता. एकच नळी, एकच ताप. काळ्या भागावर पिस्तुलाने मोठा आकडा दाखवला, चंदेरीवर बराच छोटा. पिस्तूल तापमान मोजत नाही, पृष्ठभागातून निघणारे किरण मोजतं, आणि आपण त्याला सांगून ठेवलेलं असतं की समोर काळी वस्तू आहे. ४०० अंशांची चमकदार नळी त्याला २०० च्या आसपास वाटू शकते. त्यात खरं इतकंच की चंदेरी नळी किरण कमी फेकते, म्हणजे शेजारची होज कमी तापते. नळी स्वतः थंड झालेली नसते. त्याने दोन्हीकडे पुन्हा पुन्हा पिस्तूल धरून पाहिलं. जॉब दिला नाही, पण पिस्तूल खिशात ठेवलं.

संध्याकाळी ५.३०

भट्टी निवते आहे. या वेळेत पोटापाण्याचं काम: पॅकिंग मशीनचे सीलिंग जॉ, ज्यांना प्लॅस्टिक चिकटू नये म्हणून पीटीएफईचं कोटिंग लागतं. दुकान याच्यावर चालतं. टर्बोवाले आले की कौतुक होतं, जॉवाले आले की भाडं निघतं.

मग थिनरचे डबे मोजून लोखंडी कपाटात, चिंध्या झाकणाच्या डब्यात. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या तारखा इथे कोणाला सांगाव्या लागत नाहीत. एमआयडीसीतल्या त्या दोन्ही स्फोटांनी फार लांबपर्यंतच्या काचा फोडल्या होत्या. आमच्याकडे रिअॅक्टर नाही, बॉयलर नाही. पण भट्टी आहे आणि थिनर आहे, आणि दोन्हींत भिंत आहे. ती भिंत मी बांधून घेतली तेव्हा जागा वाया गेली म्हणून शेजारचे हसले होते. चोवीसनंतर त्यांच्यापैकी एकाने तशीच बांधली.

संध्याकाळी ६.४०

भट्टीचं दार उघडलं. लॉराचा तुकडा एकसारखा काळा, कडांवर पिवळं काही नाही. काकांनी बोटाच्या पेराने लिनियाच्या चारही नळ्या ठोकून पाहिल्या, वेल्डपाशी नख ओढलं. मावशींनी टेप काढली; फ्लँज स्वच्छ. पट्टीवर मीटर २७ दाखवतो. चालेल.

मालकांना पाठवायच्या सूचना लिहून ठेवल्या: पहिल्यांदा दहा मिनिटं नुसतं आयडलवर, मग पूर्ण थंड होऊ द्या, मग पुन्हा थोडा जास्त वेळ. धूर येईल, घाबरू नका. लगेच रेस देऊ नका. बोल्ट दोन-तीन तापण्यांनंतर पुन्हा घट्ट करा. हे शेवटचं कोणी करत नाही आणि मग गॅस्केटमधून फुसफुस येते म्हणून मला फोन.

रात्री ८.०५, परतीची गाडी

व्हॉट्सअॅपवर अंबरनाथहून एक व्हिडिओ. अंधारात बॉनेट उघडं, गाडी डिझेलची नाही, पेट्रोल टर्बो. इंजिन आयडलवर आणि मॅनिफोल्ड चेरीसारखा लाल. खाली लिहिलंय: "सर, याला तुमचं सिरॅमिक बसेल ना? अर्जंट आहे."

भरधाव पळवून आणल्यावर लाल दिसला तर समजू शकतो. उभ्या गाडीत दिसतो तेव्हा इग्निशन उशिरा होतंय, मिक्श्चर बिघडलंय किंवा पुढे कॅट तुंबलाय. माझं कोटिंग त्या लालीवर फक्त काळा पडदा टाकेल. त्याला उत्तर लिहिलं: गाडी आत्ता बंद करा, चालवू नका, उद्या टो करून चांगल्या मेकॅनिककडे न्या. टायमिंग आणि कॅट तपासा. आयडलवर लाल दिसणं थांबलं की शनिवारी मला फोन करा. कदाचित करावाही लागणार नाही.

दिवा स्टेशनला उत्तर आलं: "पण कोट केलं तर लाल दिसणार नाही ना?"